आर्थर लुईस आणि शेतीतले अतिरिक्त हात

दरडोई उत्पन्न वाढले की विकास झाला, असे ढोबळमानाने समजले जाते. विकासाच्या अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे. अल्प उत्पन्नाच्या कामात अडकलेली माणसे अधिक उत्पादक कामाकडे कशी वळतात? सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर १९१५ साली जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात याचे उत्तर मांडले.

त्यांच्या मते गरीब देशात दोन क्षेत्रे असतात. शेतीसारख्या पारंपरिक क्षेत्रात गरजेपेक्षा अधिक माणसे राबतात. काही जण निघून गेले, तरी पीक घटत नाही. हीच छुपी बेकारी. निर्वाहापेक्षा थोडी अधिक मजुरी देताच हे हात कारखान्यांना मिळतात. नफ्याची पुन्हा गुंतवणूक होते व रोजगार वाढतो. अतिरिक्त हात संपले, की सर्वत्र मजुरी चढू लागते. या टप्प्यास ‘लुईस वळणबिंदू’ म्हणतात. दक्षिण कोरिया व तैवान यांनी काही दशकांतच तो ओलांडला.

या विचारावर आक्षेपही आले. थिओडोर शुल्ट्झ यांनी भारतातील १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझा साथीचा दाखला दिला. मनुष्यहानीनंतर लागवडीखालील क्षेत्र घटले, म्हणजे ते हात निरुपयोगी नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल या दोघांना विभागून मिळाले, हे विशेष.

भारतात मात्र ही वाट मध्येच अडली. कोकण व घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आलेला कामगार हा लुईस यांच्या सिद्धांताचा जिवंत दाखला होता. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांचा स्थिर रोजगार गेला. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते. करोनाकाळात ते वाढले आणि २०२३-२४ मध्येही ४६ टक्क्यांच्या आसपास होते. देशाच्या उत्पन्नातील शेतीचा वाटा याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

कारखानदारी पुरेशी बहरण्याआधीच ओसरू लागते, या स्थितीस दानी रॉड्रिक यांनी ‘अकाली निरुद्योगीकरण’ म्हटले आहे. यंत्रे माणसांची जागा घेत असताना शेतीतून बाहेर पडणाऱ्यांना सामावून कोण घेणार, हा विकसनशील देशांपुढील आजचा सर्वांत कठीण प्रश्न आहे.