पिकअपला कोणतं सस्पेन्शन घ्यावं? जादा पाटा, एअर स्प्रिंग की नुसते शॉकअप : लोड आणि ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी सोपी माहिती

कांद्याच्या दिवसांत कोपरगावच्या बाजार समितीकडे निघालेल्या पिकअप नीट बघा. बऱ्याच गाड्यांचं शेपूट खाली टेकलेलं आणि नाक वर असतं. त्याच गाडीला कधी मागे मळणी यंत्र जोडलेलं असतं, कधी काँक्रीट मिक्सर, कधी पाण्याचा टँकर. मग गॅरेजवर सल्ला मिळतो, "दोन पाटे वाढव, गाडी उभी राहील." मोबाइलवर व्हिडिओ बघितला तर तिथे कुणीतरी एअर बॅग बसवत असतो.

यातलं खरं काय, कुणाला काय लागतं आणि पैसे कुठे वाया जातात, ते आज समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- सस्पेन्शन बदलल्याने गाडी वजन घेऊन सरळ उभी राहते, पण तिची वजन उचलायची क्षमता वाढत नाही. ती क्षमता अॅक्सल, चासी, टायर, बेअरिंग आणि ब्रेक मिळून ठरवतात.
- आधी वजन काढा, मग पार्ट निवडा.
- पाटे वाढवण्याआधी मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह तपासा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

सस्पेन्शनमध्ये दोन वेगळी कामं असतात

पहिलं काम वजन पेलायचं. ते स्प्रिंग करते. आपल्याकडच्या बोलेरो पिकअप, टाटा योद्धा अशा गाड्यांना मागे लोखंडी पाटे असतात, ज्याला गॅरेजवाले कमान म्हणतात. टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्ससारख्या महागड्या पिकअपलाही मागे पाटेच आहेत, पुढे मात्र कॉइल स्प्रिंग आहे.

दुसरं काम उसळी थांबवायचं. ते शॉकअप करतो. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग वरखाली होत राहते. तिची ही उसळी शॉकअप एकदोन हेलकाव्यांत जिरवतो.

म्हणून गाडी बसली असेल तर नवीन शॉकअप घेऊन ती वर येणार नाही. आणि गाडी उसळत असेल तर पाटा वाढवून ती शांत होणार नाही, उलट जास्त आपटेल. तक्रार कोणती आहे ते ओळखलं की निम्मं काम झालं.

पायरी १ : वजनाचा हिशोब

आरसीवर दोन आकडे बघा : रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. समजा ते १,७०० आणि ३,००० किलो आहेत. फरक १,३०० किलो. पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस मिळून १५० किलो वजा करा. उरले १,१५०. मागे ट्रेलर असेल आणि त्याचा १०० किलो भार हुकवर येत असेल, तर उरले १,०५०. म्हणजे ५० किलोच्या २१ गोण्या. बाविसावी गोणी टाकली की ओव्हरलोड.

आता गाडी भरून वजनकाट्यावर न्या आणि तीन वजनं घ्या :

१. फक्त पुढची चाकं काट्यावर.
२. सगळी गाडी काट्यावर.
३. फक्त मागची चाकं काट्यावर.

यावरून कोणत्या अॅक्सलवर किती भार आहे ते कळतं. हे तीन आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. त्याच वेळी मागच्या चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. गाडी किती बसते हे डोळ्यांच्या अंदाजाने सांगू नका, सेंटिमीटरमध्ये सांगा.

पायरी २ : ट्रेलर जोडला की काय बदलतं?

हौद्यातलं वजन साधारण मागच्या अॅक्सलच्या आसपास असतं. हुक मात्र अॅक्सलच्याही मागे असतो. त्यामुळे पहारीने दगड उचलावा तसं होतं : हुकवर दाब आला की गाडीचं नाक वर उचललं जातं.

उदाहरण घ्या. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे, हुक मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागे आहे आणि हुकवर १०० किलो भार आहे. मागच्या अॅक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरचे ४० किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि ब्रेक मारल्यावर पुढच्या चाकांची पकड कमी पडते.

मग ट्रेलरचं सगळं वजन मागे ढकलून हुक हलका केला तर? तेही चालत नाही. हुकवर भार फारच कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीलाच ओढून नेतो. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर ठेवायचा ठोकताळा वापरतात. १,००० किलोच्या ट्रेलरला १०० ते १५० किलो. हुकवरचा भार मोजायला ट्रेलर जोडलेली पिकअप काट्यावर घ्या, पण ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवा. ट्रेलर सोडून पुन्हा वजन करा. जो फरक येईल तो हुकवरचा भार.

पाण्याचा टँकर ओढत असाल तर तो पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामा ठेवा. अर्ध्या टँकरमधलं पाणी ब्रेक मारल्यावर पुढे आणि वळणावर बाजूला धावतं. ते कोणतंही सस्पेन्शन थांबवू शकत नाही.

आणि एक : गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या वजनाचा आकडा दिला नसेल, तर कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत तो शून्य समजा.

पायरी ३ : पर्याय कोणते?

जुने पाटे बदलणे. पाच-सात वर्षांची सेकंडहँड पिकअप घेतली असेल तर सुरुवात इथून करा. थकलेले पाटे सपाट होतात, एखादा तुटलेला असतो, बुश झिजलेले असतात. कंपनीच्या मापाचा नवा संच टाकला तर बऱ्याचदा वेगळं काही लागतच नाही. पाटे तापवून पुन्हा वाक देणं स्वस्त पडतं, पण पोलादाला योग्य पाणी दिलेलं नसेल तर ते लवकरच पुन्हा बसतात.

जादा पाटा. स्वस्त, मजबूत, कुठल्याही तालुक्यात दुरुस्त होणारा. पण तो कायम कामाला असतो. रिकाम्या गाडीत मागचा भाग दगडासारखा आपटतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं उडून घसरतात. त्यापेक्षा हेल्पर पाटा चांगला. तो वर थोडं अंतर सोडून बसवलेला असतो आणि गाडी ठरावीक खाली आली की मगच टेकतो. तुमच्या गाडीला तो आधीच आहे का ते खाली वाकून बघा.

पॅराबोलिक पाटे. यात पाटे कमी असतात, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ. ते फक्त मध्ये आणि टोकांना एकमेकांना टेकतात, त्यामुळे घर्षण कमी आणि गाडी मऊ. पण साध्या पाट्यांमधलं घर्षण थोडी उसळी जिरवत असतं, ते इथे मिळत नाही. म्हणून शॉकअप चांगलेच हवेत.

रबरी हेल्पर. चासी आणि अॅक्सलच्या मध्ये बसणारा रबराचा ठोकळा. हवा भरायची नाही, गळायची भीती नाही. अधूनमधून लोड असेल त्याला सोयीचा.

एअर स्प्रिंग. यालाच एअर बॅग म्हणतात. अपघातात फुगणारी एअरबॅग वेगळी, गोंधळ करू नका. पाट्यांच्या जोडीला रबरी फुगा बसतो, लोड असेल तेव्हा हवा वाढवायची, रिकामी असेल तेव्हा कमी करायची. ज्याचं वजन रोज बदलतं त्याला हा सगळ्यात लवचीक पर्याय. अडचणी दोन : उन्हात, चिखलात, उसाच्या पाचटात पाइप आणि जोड सांभाळावे लागतात, आणि हवा गेली की गाडी त्या बाजूला झुकते. किटवर लिहिलेल्या किमान दाबाच्या खाली हवा ठेवू नका, फुगा चिमटून फाटतो.

पूर्ण कॉइल स्प्रिंग. अमेरिकेतल्या राम १५०० पिकअपला २००९ च्या मॉडेलपासून मागे कॉइल आहे, राम २५०० ला २०१४ पासून. पण सगळ्यात जड ओढणाऱ्या राम ३५०० ला पाटेच ठेवलेत. यावरून काय ते समजा. पाट्यांच्या गाडीला कॉइल लावायला अॅक्सल धरून ठेवणारे वेगळे दांडेही बसवावे लागतात. हे काम आपल्या गॅरेजचं नाही.

ब्रेकचा मुद्दा : हा भाग सोडून पुढे जाऊ नका

अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ एक छोटा दांडा असतो. तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जोडलेला असतो. गाडी भरली की चासी खाली येते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत.

आता तुम्ही दोन पाटे वाढवले. गाडी भरली तरी खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. टनभर माल असूनही मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा ताण पुढच्या ब्रेकवर जातो आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर असे दोन साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात रात्री नगर–मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात हळू चाललेले असतात, काहींना मागे दिवाही नसतो. तिथे जास्त लागलेले चार-पाच मीटर म्हणजे घरी पोहोचणं आणि न पोहोचणं यातला फरक. तिकडे समृद्धी महामार्गावर रस्ता गुळगुळीत आहे, वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं.

म्हणून पाटे, रबर, एअर काहीही बसवा, मेकॅनिकला हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने पुन्हा सेट करायला लावा. दांडा तारेने बांधून "फुल ब्रेक" करून देणाऱ्याकडे जाऊ नका. रिकामी गाडी पावसात गोल फिरेल.

मग कुणी काय घ्यावं?

- रोज एकसारखा लोड, आरसीच्या मर्यादेत : कंपनीचे नवे पाटे आणि चांगले शॉकअप. बास.
- हंगामात भरलेली, एरवी रिकामी : रबरी हेल्पर किंवा हेल्पर पाटा.
- आज ट्रेलर, उद्या भाजीपाला, परवा रिकामी : एअर स्प्रिंग, पण निगा राखायची तयारी असेल तरच.
- गाडी बसत नाही, फक्त उसळते : शॉकअप आणि बुश.
- कायम मर्यादेपेक्षा जास्त माल : सस्पेन्शन नको. मोठी गाडी घ्या किंवा दोन खेपा करा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळी ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे कंपनीने मान्य केलेला पार्ट घ्या, बिल जपून ठेवा आणि शंका असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तिथे सस्पेन्शन कोणतं लावलंय हे कुणी विचारत नाही, काट्यावरचा आकडा बघतात.

काम झाल्यावर तपासा

- पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे बसले की ते सैल होतात.
- डावी-उजवी उंची टेपने मोजा.
- भरलेल्या गाडीचे हेडलाइट भिंतीवर पाडून खाली सेट करा.
- ट्रेलरचा दांडा जमिनीला समांतर आहे ना ते बघा.
- मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात, आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर माल भरायच्या आधी पुन्हा गॅरेजवर न्या.