‘अल्बम’चं कूळ

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत एखादं पोरगं “अल्बम काढलाय” म्हणालं, तर गाणी किती, असं विचारायचं नसतं. गाणं एकच असतं. चार-साडेचार मिनिटांचं, यूट्यूबवर टाकलेलं. त्यात एक हिरो, एक हिरोईन, कुणाची तरी मागून आणलेली बुलेट आणि करंजी घाटावरून फिरवलेला ड्रोन. रॉक ऐकणारा शहरी पाहुणा यावर हसतो. एक गाणं म्हणजे सिंगल, अल्बम कसला? मीही हसायचो. पण या शब्दाचं कूळ काढायला बसलो आणि हसू ओसरलं. हा शब्द ज्या ज्या घरी गेला, तिथलाच होऊन राहिला.

मूळ लॅटिन. ‘अल्बस’ म्हणजे पांढरा. जुन्या रोममध्ये न्यायाधिकाऱ्याचे हुकूम लोकांना वाचता यावेत म्हणून पांढरी केलेली फळी लावत, ती ‘अल्बम’. आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्याचीच ती गोरी थोरली बहीण. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी गुरूंच्या आणि मित्रांच्या सह्या घ्यायला कोरी वही बाळगू लागले. तिलाही हेच नाव. 1860 नंतर त्या पानांत फोटो आले.

आपल्याकडे घराघरांत शब्द पोचला तो या फोटोंबरोबर. लग्नाचा अल्बम. नाव पांढरं आणि पानं काळीकुट्ट! दोन पानांमध्ये कुरकुरणारा बटर पेपर, फोटोंना चिकटवलेले कोपरे. पाहुणा टेकला की चहाच्या आधी अल्बम त्याच्या मांडीवर.

गाण्यांच्या घरात मात्र तो अडचणीतून शिरला. 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा साऱ्या रागाला मिळत तीनेक मिनिटं. तिकडे युरोपातल्या लांब रचनांची तीच गत. 1909 मध्ये ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची ‘नटक्रॅकर’ संगीतमाला चार तबकड्यांवर मिळून विकायला काढली. पुढे अशा तबकड्या ठेवायला जाड पुठ्ठ्याची, पाकिटांची पानं बांधलेली पुस्तकं निघाली. दिसायला हुबेहूब फोटोंचा अल्बम. नाव तिथून चिकटलं. 1948 मध्ये कोलंबियाने लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणं मावू लागलं, आणि पुस्तकाची गरज संपली. नाव मात्र राहिलं. त्या चाळीसेक मिनिटांवरच रॉक बँडांनी आपला संसार थाटला: कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, तबकडी उलटल्यावर पहिलं कोणतं, यावर त्यांची भांडणं.

मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. सत्तरच्या दशकातला हा रॉक बँड. रंगकर्मी आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव नंदू भेंडे त्यात कधीकाळी गात. 1978 च्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकामुळे मराठी प्रेक्षकांना त्यांचा आवाज ओळखीचा झाला. बँडची एकुलती एक तबकडी ‘ऑब्सेशन ’77’. नावात सत्त्याहत्तर, पण दुकानात आली 1981 मध्ये, तोवर बँड पांगलेला. मूल जन्मलं तेव्हा घर बंद, अशी तऱ्हा. पुढे परदेशी संग्राहक तिच्या मागे लागले, आणि 2011 मध्ये ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकी कंपनीने ती पुन्हा काढली. वाहवा झाली, पण तीस वर्षं उशिरा.

त्या तबकडीमागे सिनेमा नव्हता, हे तिचं खरं दुखणं. आपल्या देशात गाणं म्हणजे सिनेमातलं. म्हणून नव्वदच्या दशकात अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ गाजलं, तेव्हा ‘अल्बम’ या शब्दाला इथे वेगळाच अर्थ चढला: सिनेमातलं नसलेलं गाणं. किती गाणी, कुठल्या क्रमाने, हा मुद्दा गळून पडला. कॅसेटने तो आधीच गाळायला घेतला होता. पाथर्डीजवळच्या मढीला रंगपंचमीच्या यात्रेत कानिफनाथांची, नवरात्रात मोहट्याला देवीची गाणी कर्ण्यांवर वाजत, ती कुठल्या कॅसेटच्या कुठल्या बाजूची, याची कुणाला फिकीर? दुकानात गाण्यांची चिठ्ठी दिली की साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून मिळे. हा क्रम आपला, कंपनीचा नाही. बँडवाल्यांनी ज्यासाठी भांडणं केली, ते चिठ्ठीवर बॉलपेनने उलटंपालटं होई.

शहरी मंडळी आज ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, सिनेमाशिवाय, स्वतःच्या खिशातून केलेलं संगीत. पाथर्डीच्या बोलीत त्याला अल्बम म्हणतात, एवढाच फरक. मला तर हा शब्द जास्त आवडतो. घरून घेतलेले पैसे, मित्राची गाडी, चुलतभावाचं शेत, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’ म्हणून निम्मा गाव. इंडी म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आणि हे चित्रीकरण करतो कोण? फोटो स्टुडिओवाला. लग्नसराईत तो जाड, चकचकीत पानांचे ‘करिझ्मा’ अल्बम करतो, लग्नं थांबली की गाण्याचे. कॅमेरा तोच, ड्रोन तोच. दोन्हींतल्या जोडीला चालायलाही तो सारखंच लावतो, हात धरून, संथपणे, सूर्य मावळताना. दर विचारायला गेलं, की आधी तोच विचारतो, “अल्बम कसला? लग्नाचा का गाण्याचा?”