पुढे चालू : पॅरिस, लंडन, पुणे

कथा ऐन रंगात आली की थांबायचे आणि वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावायची, ही रीत मराठीत इतकी मुरली आहे की तिचे मूळ शोधावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिचा माग काढायचा तर आपल्याला १८०० सालच्या पॅरिसमध्ये जावे लागते. त्या वर्षी ‘जुर्नाल दे देबा’ या वृत्तपत्राने पानाच्या तळाशी एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर राजकारण आणि खाली नाट्यपरीक्षणे, साहित्यचर्चा, हलकाफुलका मजकूर अशी वाटणी झाली. पुढे १ जुलै १८३६ रोजी एमिल द जिरार्दँ याने ‘ला प्रेस’ हे दैनिक काढले. इतर पत्रांची वार्षिक वर्गणी ऐंशी फ्रँक असताना त्याने ती चाळीसवर आणली आणि तूट जाहिरातींतून भरून काढायचे ठरवले. जाहिरातदारांना वाचक हवे होते आणि वाचकांना रोज परत आणील असे काहीतरी जिरार्दँला हवे होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बाल्झाकची एक कादंबरी ‘ला प्रेस’मध्ये तुकड्यातुकड्याने छापली गेली. १८४२ मध्ये यूजेन स्यूने पॅरिसच्या गल्लीबोळांतील गुन्हेगारी जगाची कहाणी ‘जुर्नाल दे देबा’त सुरू केली, ती पुढचे सोळा महिने चालली. वाचक लेखकाला पत्रे लिहून सल्ले देऊ लागले, गाऱ्हाणी मांडू लागले. कादंबरी हा आता लेखक आणि गिऱ्हाईक यांच्यातला रोजचा व्यवहार झाला.

हा व्यवहार इंग्लिश खाडी ओलांडून पलीकडे नेला जॉर्ज रेनॉल्ड्सने. उमेदीची काही वर्षे पॅरिसमध्ये काढलेल्या या पत्रकाराने १८४४ पासून पेनी-पेनीच्या साप्ताहिक भागांत लंडनची रहस्ये लिहायला घेतली. प्रतिष्ठित टीकाकारांनी नाक मुरडले तरी खप मोठा होता आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिकलेल्या पिढीने रेनॉल्ड्स हौसेने वाचला. पुण्यातला एक विशीतला तरुणही त्यांत होता.

त्या तरुणाकडे वळण्यापूर्वी मराठीची तयारी पाहू. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२ मध्ये निघाले, तर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये. विधवांच्या स्थितीवरच्या या कादंबरीनंतर मराठी लेखणी मात्र अद्भुताकडे वळली. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून ‘मोचनगड’ भागाभागांनी दिली आणि १८७१ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. अशा रीतीने नियतकालिक आणि कादंबरी यांचा संसार आपल्याकडे सुरू झाला.

खानदेशातील पारोळे येथे ८ मार्च १८६४ रोजी जन्मलेले हरि नारायण आपटे यांनी या संसाराला घरपण दिले. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून क्रमशः येऊ लागली आणि तिची बैठक होती रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वर. पॅरिसच्या तळपानात रुजलेले बीज लंडनमार्गे पुण्यात पोचले ते असे. पण आपटे उसनवारीवर थांबले नाहीत. १८९० मध्ये त्यांनी घरातल्या सर्वांनी वाचावे असे ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. संपादक, कादंबरीकार आणि वेळेवर मजकूर पुरवणारा कामगार अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या. त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः आली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. तिची नायिका यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते : बालपण, सासर, मुंबईतले थोडे मोकळे दिवस, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. आठवड्यागणिक भाग येत असल्याने घटनांची घाई नाही. माजघरातले बोलणे, टोमणे, रुसवे सावकाश साचत जातात, आणि त्या साचण्यातच कादंबरीचे बळ आहे.

नेमक्या याच काळात पॅरिसमध्ये ऱ्हासवादी साहित्य भरात होते. १८८४ मध्ये ह्युइसमांसची त्या प्रवृत्तीची गीता ठरलेली कादंबरी आली आणि १८८६ मध्ये ‘ल देकादाँ’ नावाचे पत्रही निघाले. या काळातला पत्रकार-कादंबरीकार ऑक्ताव्ह मिरबो (१८४८–१९१७) तरुणपणी राजकीय पत्रांतून पोटासाठी लिहीत होता, दुसऱ्यांच्या नावावर कादंबऱ्याही लिहून देत होता. १८९१-९२ मध्ये त्याने ‘लेको द पारी’ दैनिकातून एका मोलकरणीची रोजनिशी क्रमशः छापली. म्हणजे यमू बोलत होती तेव्हाच ही मोलकरीण, सेलेस्तीनही बोलत होती. दोघींच्या तोंडून बोलणारे लेखक पुरुष होते आणि दोघीही प्रतिष्ठित घरांचे आतले दार उघडत होत्या. मिरबोने पुढे निरपराध ज्यू लष्करी अधिकारी द्रेफ्युसवरील खटल्याच्या वादात उडी घेतली आणि तो मजकूर बदलून १९०० मध्ये पुस्तक काढले. १९६४ मध्ये दिग्दर्शक बुन्युएलने त्यावर चित्रपट केला. फरक मात्र मोठा आहे. मिरबो कुजलेपणा दाखवून वाचकाला अस्वस्थ सोडतो, आपट्यांना सुधारणा घडवायची आहे. पॅरिसच्या लेखणीला समाज संपत आल्यासारखा वाटत होता, पुण्याच्या लेखणीला तो नुकता घडू लागल्यासारखा.

आपटे ३ मार्च १९१९ रोजी गेले, पण रीत राहिली. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. क्रमशः कादंबरी मासिकांतून साप्ताहिकांत, तिथून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि शेवटी दूरचित्रवाणी मालिकेत गेली. आज भाईंदर किंवा मीरा रोडहून चर्चगेटकडे निघालेल्या प्रवाशांच्या मोबाइलवर मालिकांचे भाग चालतात, जिरार्दँचे गणितही अजून तेच आहे : गोष्ट अर्ध्यावर, मध्ये जाहिरात. बदलले आहे ते एवढेच की या युक्तीचा लाभ घेऊन सांगायचे काय, याचा विचार क्वचितच होतो. आपट्यांनी युक्ती परक्या बाजारातून आणली आणि तिच्या आधारे माजघरातल्या मुलीला बोलते केले. मालिका लिहिणाऱ्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ एकदा तरी वाचावी, आणि जुन्या वाचनालयांनी ‘करमणूक’चे जीर्ण अंक नष्ट होण्याआधी जपावेत.