कॅसेटवरचा चेहरा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी हाताळल्या असतील, त्यांना त्यांची पाकिटे आठवतील. जाड कागद, मधोमध गोल भोक, त्यातून दिसणारे लेबल. पाकीट कंपनीचे असे, गायकाचे नसे. आज त्यात खाँसाहेब, उद्या नागठाण्याचे बालगंधर्व. अमेरिकेत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने १९४० मध्ये कोलंबिया कंपनीच्या तबकड्यांना चित्रांची वेष्टने केली. १९४८ मध्ये लाँग प्ले आली आणि चित्रकाराला बारा इंची चौकोन मिळाला.

आमच्या वाट्याला मात्र कॅसेट आली. चार इंच बाय अडीच इंच! फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही वस्तू ऐंशीच्या दशकात एवढी स्वस्त झाली, की सातारा-सांगलीकडची भजनी मंडळे, शाहीर, तमाशाचे फड, सगळ्यांना आपली कॅसेट हवीशी वाटू लागली. तिचे कव्हर हाताने व्हायचे. अक्षरे ब्रशने, फोटो कापून चिकटवलेला. चेहऱ्यावरचे व्रण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवायचे.

टॉमस आणि जॉन नॉल या भावांचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. पण धंद्याला कलाटणी दिली ती १९९४ च्या आवृत्तीतल्या 'लेयर'ने. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे हे थर. खाली डोंगर, त्यावर देऊळ, त्यावर गायक. यातला कोणताही थर बाकीच्यांना धक्का न लावता काढता येतो. माणूससुद्धा.

१९९९ मध्ये मी सांगलीत गणपती पेठेजवळ एका डीटीपी केंद्रात कामाला होतो. सातारा भागातल्या एका लावणी गाणाऱ्या बाईंची कॅसेट आली. वय पन्नाशीपुढचे. सोबत एकच फोटो, कृष्णधवल, डोक्यावर पदर. कॅसेट काढणारे शेठ म्हणाले, "पुसेगावच्या यात्रेत हा चेहरा बघून कोण थांबणार? जरा तरणी टाका." मी एका सीडीवरची नऊवारीतली मुलगी कापून घेतली, कडा मऊ केल्या, मागे समई ठेवली. फोटोशॉपमध्ये तेव्हा मराठी अक्षरे धड बसत नसत, म्हणून बाईंचे नाव कोरल ड्रॉमध्ये केले. मनाला थोडे लागले असावे, कारण मागच्या घडीवर बाईंचा फोटो टपाल तिकिटाएवढा बसवला.

कव्हर बघून बाईंनी विचारले, "भाऊ, ही कोण म्हणायची?"

"मावशी, कव्हर असंच असतं," मी म्हणालो. काम छानच झाले आहे, असे मला वाटत होते.

२०११ मध्ये त्यांचा नातू मला शोधत आला. बाई वारल्या होत्या, मूळ फोटो शेठकडून परत आलाच नव्हता. चार जीबीच्या आमच्या हार्ड डिस्कवरची जुनी कामे आम्ही केव्हाच पुसली होती. तो घरातली कॅसेट घेऊन आला होता. मागच्या घडीवरचा तो तिकिटाएवढा फोटो मी स्कॅन करून मोठा केला. छपाईचे ठिपके तेवढे मोठे झाले. डोळे कुठे आणि पदराची कड कुठे, हे अंदाजाने ओळखायचे. दोन तास मी ते ठिपके पुसट करत बसलो. सॉफ्टवेअर आता कितीतरी पुढचे होते, पण मुळात तिथे नसलेले ते आणणार कुठून? पोरगा म्हणाला, "राहू द्या काका, असाच द्या."

आठ बाय दहाचा प्रिंट काढून दिला. पैसे घेतले नाहीत.