संगणकावरील ध्वनिमुद्रण आणि विलंबाचा प्रश्न

१९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्यानें 'म्यूझिक' नांवाची आज्ञावली लिहिली आणि न्यूमन गटमन याची १७ सेकंदांची एक रचना संगणकाकडून वाजवून घेतली. 'वाजवून घेतली' हा शब्दप्रयोग थोडा सैलच म्हणावयाचा. गणित व्हावयाचें न्यूयॉर्कमधील आय. बी. एम. कंपनीच्या यंत्रावर, आंकड्यांनीं भरलेली चुंबकीय फीत घेऊन न्यू जर्सींतील मरे हिलला परतावयाचें, आणि तेथें त्या आंकड्यांचा ध्वनि झाला म्हणजे मग काय तें कानीं पडे. या उशिराबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कारण यंत्रासमोर गाणारें कोणी बसलेलें नव्हतें.

तक्रारीला आरंभ झाला तो गायक यंत्रासमोर बसल्यावर. संगणक ध्वनीचें मोजमाप सामान्यतः सेकंदाला ४४,१०० वेळां करतो. त्याच्यामागें इतर शंभर कामें असल्यानें हे आंकडे तो सुटे न घेतां त्यांचा ढीग करून घेतो. या ढिगासच बफर म्हणतात. १,०२४ आंकड्यांचा बफर भरण्यास सुमारें २३ मिलिसेकंद लागतात; आवाज आंत जातांना एकदां आणि बाहेर येतांना एकदां, मिळून ४६. हवेंतून ध्वनि तेवढ्या वेळांत जवळजवळ १६ मीटर जातो. इतक्या दूर बसलेल्या तबलजीबरोबर द्रुत लय सांभाळण्याची हौस कोणत्याहि गवयाला नसावी! बरें, बफर ६४ आंकड्यांचा केला, तर विलंब जवळजवळ नाहींसा होतो. पण संगणकाला एकदां जरी उशीर झाला, तरी ढीग रिता पडतो आणि गाण्यांत 'टक्' असा आवाज उमटतो. तो मुद्रणांतच शिरला, तर त्या क्षणींचा स्वर गेला तो गेलाच.

१९९१ मध्यें कॅलिफोर्नियांतील डिजिडिझाइन कंपनीच्या 'प्रो टूल्स'नें हें गणित स्वतंत्र पट्टीवर सोंपविलें. उपाय उत्तम, पण महागडा. १९९७ मध्यें हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनें 'ॲसिओ' ही पद्धत आणली. विंडोजमधील ध्वनीचा आडवळणाचा मार्ग टाळून आज्ञावलीनें ध्वनियंत्राशीं थेट बोलावें, एवढीच तिची युक्ति. परंतु तिच्यामुळें घरच्या संगणकावर गाणें मुद्रित करणें शक्य झालें. गातांना बफर लहान आणि मागाहून मिश्रण करतांना मोठा, हा रिवाज आजहि चालू आहे.

याहून चमत्कारिक दोष पट्टीचा. ४४,१०० हा आंकडा चित्रफितीवर ध्वनि सांठविण्याच्या पद्धतींतून आला: ओळीला ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळां. १९८२ च्या कॉम्पॅक्ट डिस्कनें तोच कायम ठेविला. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनीं मात्र ४८,००० पसंत केला. पहिल्या मापाची नोंद दुसऱ्यानें वाजविली, कीं काळी एकमधील षड्ज पांढरी दोनच्याहि वर, काळी दोनच्या खालीं, मध्येंच कोठें तरी लटकतो आणि तासाची मैफल ५५ मिनिटांत आटोपते. तंबोराहि तितकाच चढत असल्यानें गाणें बेसूर वाटत नाहीं. म्हणून हा दोष पुष्कळदां लक्षांतहि येत नाहीं. येथें मूळ नोंद मात्र शाबूत असते. वाजविण्याचा आंकडा तेवढा पुन्हा ४४,१०० केला, कीं षड्ज आपल्या जागीं येतो.