नोंद आढळून येत नाही

माझ्या टेबलाच्या खणात सरकारी उत्तरांचा एक गठ्ठा आहे. कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांचे, सह्या वेगवेगळ्या, पण शेवटचे वाक्य बहुतेकांचे एकच: ‘सदर कालावधीतील नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ मी शोधत होतो एका माणसाच्या अटकेची नोंद. साल १९४२-४३, मुलूख भुदरगड.

काम माझे नव्हते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पणजोबा ‘चलेजाव’च्या धामधुमीत धरले गेले आणि काही महिने तुरुंगात होते, असे घरात सांगत आले होते. पुरावा काहीच नाही. १९७२-७३ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तालुक्यातालुक्यांत स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचे दगडी स्तंभ उभे राहिले, त्यावर यांचे नाव नाही. विद्यार्थी म्हणाला, “सर, आता पेन्शन नको, काही नको. फक्त खरं होतं का एवढं बघा.” मला वाटले, महिनाभराचे काम. अडीच वर्षे गेली.

पेन्शनचा उल्लेख त्याने उगीच केला नव्हता. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. अट होती किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. पुढे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांची झाली. पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला. तो नसेल तर त्याच तुरुंगात राहिलेल्या सहबंद्यांची प्रमाणपत्रे. म्हणजे ज्या रजिस्टरात नाव चढणे ही १९४२ साली गावभर नाचक्की होती, त्याच रजिस्टरातले नाव तीस वर्षांनी मानाची सनद ठरले. शिकलेल्या, तालुक्याच्या पुढाऱ्यांत ऊठबस असलेल्या माणसाला दाखला मिळवणे जमले. ज्याचे सहबंदी मरून गेले किंवा परगावचे होते, आणि ज्याला अर्ज लिहून द्यायला कुणी नव्हते, तो तसाच राहिला.

शोधाला लागलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की, माणूस एकदा अटक झाला की त्याचे कागद पाच वाटांनी जातात. ठाण्याच्या रोजनाम्यात एक ओळ. न्यायालयाच्या दप्तरात खटल्याची फाईल. तुरुंगाच्या दाराशी आवक-जावक. आत गेल्यावर बंद्यांचे रजिस्टर, त्यातही कच्चे कैदी वेगळे आणि पक्के वेगळे. शिवाय राजकीय प्रकरण असेल तर वरिष्ठांना गेलेले गोपनीय अहवाल. यातले काही कायम जपायचे, काही ठरावीक वर्षांनी निकाली काढायचे. महाराष्ट्रात कचेरीचे दप्तर अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात. ‘अ’ कायमचे, ‘ड’ वर्षभराचे. गरीब माणसाच्या आयुष्यातली मोठी घटना पुष्कळदा खालच्या वर्गात बसते.

दुसरी अडचण कोल्हापूरची खास. आज आपण ज्याला कोल्हापूर जिल्हा म्हणतो तो १९४२ साली एका कारभाराखाली नव्हता. बहुतेक मुलूख छत्रपतींच्या संस्थानाचा. त्याच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी. आजरा इचलकरंजीकडे, तर चंदगड थेट ब्रिटिश अमलातल्या बेळगाव जिल्ह्यात. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि चंदगड १९५६ च्या फेररचनेनंतर इकडे आले. त्यामुळे चंदगडच्या माणसाचा तुरुंग हिंडलग्यात शोधावा लागतो आणि गारगोटीच्या माणसाचा दरबारच्या कागदांत. इंटरनेटवर जिल्ह्याचे नाव टाकून शोधणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. दरबारचे जुने कागद मोडीत, रुमालात बांधलेले. आजच्या कचेरीतल्या कारकुनाला मोडी येत नाही, यात त्याचा दोष नाही. पण मग ‘आढळून येत नाही’ याचा अर्थ कधीकधी ‘वाचता येत नाही’ असाही असतो.

बड्या कैद्यांचे तसे नसते. १८५७ च्या उठावानंतर कोल्हापूरच्या चिमासाहेब महाराजांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवले. १८६९ साली तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर किती पत्रव्यवहार झाला! कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा चार महिन्यांची होती, सुटका १०१ दिवसांनी झाली. हा आकडा आपल्याला पाठ आहे, कारण आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले. माझ्या माणसाला लिहिता येत नव्हते. त्याचे दिवस त्याच्यासाठी दुसऱ्यानेच मोजून ठेवले असतील तरच उरणार.

आता या नोंदी बघण्याचा सामान्य माणसाला हक्क आहे का? आजच्या अटकेपुरते तरी आहे. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा बंधने घातली. त्यातले शेवटचे असे की, अटक झालेल्याची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवावी आणि तिथल्या फलकावर ठळक लावावी. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क नंतरची कलमे घालून हे कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमात प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमून नाव, पत्ता, गुन्ह्याचे स्वरूप प्रदर्शित करायला सांगितले आहे, संगणकावरही चालेल. २०१६ च्या निकालानंतर एफआयआर, संवेदनशील प्रकरणे सोडून, चोवीस तासांत संकेतस्थळावर चढवायची असते. फलकाची कल्पना सुचली ती कोठडीतल्या मृत्यूंमुळे, हे विसरले जाते. ‘हा माणूस आमच्या ताब्यात आहे’ हे पोलिसांनी जाहीरपणे कबूल करावे, म्हणजे तो रात्रीत नाहीसा होणार नाही, एवढाच त्यामागचा हेतू. लोकांना चघळायला विषय मिळावा हा नव्हे. अमेरिकेत काउंटीच्या तुरुंगात आणलेल्या माणसाचा फोटो, नाव, आरोप संकेतस्थळावर बघायला मिळतो. त्यातून असा धंदा निघाला की, तो फोटो उचलून आपल्या पानावर टाकायचा आणि काढायचे पैसे मागायचे. काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्याकडे अजून तितके झालेले नाही. पण अटकेची बातमी गावभर होते आणि निर्दोष सुटल्याची होत नाही, एवढे आपल्यालाही ठाऊक आहे.

जुन्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा कायदा आहे. त्याच्या आठव्या कलमात नकाराची कारणे दिली आहेत, पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत त्यातली बहुतेक कारणे गळून पडतात. मी अर्जात ते पोटकलम लिहायला लागलो तेव्हापासून ‘वैयक्तिक माहिती’ हे उत्तर यायचे थांबले. ‘आढळून येत नाही’ मात्र चालू राहिले. त्यावर कलम नाही. एका कचेरीत तर प्रथम अपिलाच्या सुनावणीला गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनीच प्रेमाने विचारले, “गुरुजी, ऐंशी वर्षांपूर्वीचा चोर कशाला शोधताय?” त्यांना मी चहा पाजला. दुसरे काय करणार.

आणि खरे सांगायचे तर, त्यांचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. अशी रजिस्टरे चाळताना मला दुसऱ्याच माणसांच्या नावांची भीती वाटते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींच्या याद्या झाल्या, पुढे बोटांचे ठसेही घेतले गेले, रोज हजेरी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना सोनतळीला वसवून कामाला लावले. ब्रिटिश मुलखात तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. ज्यांच्या आज्याची एकही चोरी सिद्ध झाली नाही, पण नाव यादीत आहे, त्यांच्या नातवाने तो कागद शोधावा की तो कायमचा हरवावा म्हणून देवाला नवस बोलावा? अभ्यासक म्हणून मी म्हणेन, कागद राहू द्या. तो नातू काय म्हणेल हे मी ठरवू शकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या बंद्यांच्या रजिस्टरांमधला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितले, कारण त्यावरून आतल्या कामांची वाटणी होत होती: झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा. निकाल योग्यच आहे. पण जुन्या रजिस्टरात तो रकाना असतो म्हणूनच आपल्याला आज कळते की तुरुंग कुणाकुणाने भरला होता. मला या दोन्ही गोष्टी एकदम पटतात आणि मी त्यांची सांगड अजून घालू शकलेलो नाही.

तर, नोंद मिळाली. जिल्ह्यातल्याच एका अभिलेख कक्षात, भलत्याच सालाच्या रुमालात. तिथल्या निवृत्तीला आलेल्या शिपायाने, “हे बी बघून घ्या” म्हणून ते गाठोडे काढून दिले नसते तर मी परत आलो असतो. मोडी अक्षर, अर्धी ओळ वाळवीने खाल्लेली. नाव, बापाचे नाव, जात, वय २६, धंदा शेती, आत आल्याची तारीख, सुटल्याची तारीख. गुन्हा: दरोड्याचा संशय.

मी दोनदा वाचले. मग लक्षात आले की दुसरे काही लिहिले जाणे शक्यच नव्हते. डिसेंबर १९४२ मध्ये क्रांतिकारकांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले. आपण त्याला क्रांती म्हणतो. सरकारच्या लेखी खजिन्यावर चालून जाणे म्हणजे दरोडा, आणि नंतर गावोगाव जे संशयावरून उचलले गेले ते दरोडेखोर. हा माणूस खरोखर त्या मंडळींबरोबर होता, की भाकरी पोचवत होता, की नुसताच सापडला, हे त्या ओळीवरून सिद्ध होत नाही. दिवस मोजले: चार महिने अकरा दिवस. पेन्शनच्या अटीत तो बसलाच नसता.

हे सगळे कसे सांगावे या विचारात मी त्यांच्या घरी गेलो. पणजोबांची धाकटी लेक, विद्यार्थ्याची आत्तेआजी, नव्वदीच्या जवळ आलेली, सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. मी नक्कल वाचून दाखवली. ‘दरोडा’ शब्दावर घरातली तरुण मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. म्हातारीने तिकडे लक्षच दिले नाही.

“अजून काय लिवलंय?” तिने विचारले.

शेवटचा रकाना अंगावरच्या खुणांचा होता. मी वाचला: उंची पाच फूट चार इंच, डाव्या भुवईवर जुना व्रण.

“बैलानं शिंग मारलेलं,” ती म्हणाली. “मला आठवतंय ते तेवढंच. त्यांचा फोटो न्हवता आमच्याकडं.” मग तिने कागद मागून घेतला. वाचता येत नव्हतेच. मोडी तर नाहीच नाही. कुठल्या ओळीत ते लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणाली. मी दाखवले.