मुठींतलें झाड

कृत्रिम माशीच्या गळानें मासे धरण्याच्या बांबूच्या काठीचा इतिहास सांगतांना हायरम लेनर्ड या अमेरिकन कारागिराचें नांव आदरानें घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सहा चिपा जोडून केलेल्या त्याच्या काठ्या नांवाजल्या, हें खरें. पण आमच्या मतें हा इतिहास मुठीकडे पुरेसें पाहात नाहीं.

मूठ बुचाची असते. अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकीस एक चिकटवून दाबाव्या, लेथवर फिरवून काचकागदानें हाताजोगा आकार द्यावा, कीं झाली! बुचाच्या बंद पेशींत हवा असते. म्हणून मूठ हलकी, उबदार, व भिजली तरी न निसटणारी.

परंतु हें बूच येतें कोठून? पोर्तुगाल-स्पेनमधील बूच-ओकाची साल झाड सुमारें २५ वर्षांचें झाल्यावर प्रथम काढतात. पुढें निदान ९ वर्षांच्या अंतरानें. पहिल्या दोन साली ओबडधोबड. उत्तम बूच तिसरीचें. म्हणजे लावणारानें ४३ वर्षें वाट पाहावी!

१९७३ पासून कार्बनतंतूंच्या काठ्या बाजारांत आल्या, तरी मूठ बहुधा बुचाचीच राहिली. कारागिराचें नांव काठीवर कोरलें जातें. आजा आंबा लावतो त्या श्रद्धेनें ओक लावणारा मात्र निनांवी राहतो. त्याचें ऋण इतिहासानें मानावयास नको काय?